उमा : एका नांवाची कुळकथा

तळेगांव दाभाडे येथून चाकणकडे जाणाऱ्या वाटेवर, इंद्रायणीच्या कांठीं, इंदुरी नांवाचें मावळांतील एक गांव आहे. गांवांत भुईकोट आहे. त्याचा दरवाजा व कांहीं बुरूज अद्याप उभे आहेत आणि आंत कडजाई देवीचें देऊळ आहे. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं हा कोट १७२० च्या सुमारास बांधविला. जवळच भंडाऱ्याचा डोंगर, जेथें तुकोबा एकांतासाठीं जाऊन बसत. अशा जागीं येणारा जिज्ञासु मनुष्य साहजिकच लढायांविषयीं आणि तहांविषयीं विचारतो. मला आज आपणांपुढें त्याहून पुष्कळच लहान वस्तु मांडावयाची आहे. ती वस्तु अवघ्या दोन अक्षरांची आहे. या कोटाच्या धनिणीचें नांव उमाबाई होतें. हें नांव आलें कोठून, आणि तें घरोघर पसरलें कसें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

उमाबाईंची ओळख प्रथम थोडक्यांत करून घेऊं. नाशिककडील अभोण्याच्या ठोके देशमुखांची ही लेक. सप्तशृंगीच्या गडावर चढणाऱ्या यात्रेकरूंसाठीं ज्या पायऱ्या खोदल्या गेल्या, त्या उमाबाईंनींच करविल्या. शाहू महाराजांनीं १७१७ सालीं खंडेरावांस सेनापतिपद दिलें. १७२९ सालीं खंडेराव वारले आणि पुढें दोनच वर्षांनीं, १ एप्रिल १७३१ रोजीं, त्यांचा पुत्र त्रिंबकराव बाजीरावाशीं लढतांना डभईजवळ पडला. शाहू महाराज स्वतः तळेगांवास आले, बाजीरावास त्यांनीं उमाबाईंच्या पायांवर घातलें आणि त्या मातेच्या हातीं तरवार देऊन ‘सूड घ्यावयाचा तर घ्या’ असें म्हटलें, अशी आख्यायिका आहे. उमाबाईंनीं तरवार चालविली नाहीं. परंतु त्यानंतर धाकट्या यशवंतरावाच्या नांवानें सेनापतीचा कारभार त्याच पाहूं लागल्या. मारवाडच्या अभयसिंगानें १७३२ सालीं पिलाजी गायकवाडाचा डाकोरास खून करविला, तेव्हां दाभाड्यांची फौज घेऊन ही विधवा स्त्री अहमदाबादेवर चालून गेली आणि अभयसिंगास चौथाई-सरदेशमुखी मान्य करावी लागली. त्या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनीं त्यांच्या पायांत सोन्याचे तोडे घातले, असें मराठी परंपरा सांगते.

आतां नांवाकडे वळूं.

उमा म्हणजे शंकराची पत्नी, हें उत्तर शाळेंतील मूलहि देईल. पण कोशकारांस विचाराल तर ते आपणांस प्रथम शेतांत नेतील. अमरकोशांत उमा हा शब्द अतसी आणि क्षुमा यांच्या शेजारीं बसला आहे. म्हणजे आपलें जवस, अळशी. पाणिनीच्या एका सूत्रांत तर तीळ, उडीद, उमा आणि भांग यांच्या शेतांस काय म्हणावें, याचा नियम दिला आहे. याच झाडाच्या तंतूंपासून विणलेल्या वस्त्रास क्षौम म्हणत. निळ्या फुलाचें हें पीक आणि हिमालयाची कन्या यांचें नातें काय, यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. कोणी बाबिलोनकडील आईवाचक ‘उम्मु’ शब्दाकडे बोट दाखवितो, तर कोणी द्राविडी ‘अम्मा’ कडे. यांपैकीं एकहि अनुमान सिद्ध झालेलें नाहीं, आणि मला तर वाटतें कीं दोन सारख्या आवाजाच्या शब्दांचें लग्न लावण्याची घाई करूं नये.

देवता म्हणून उमा प्रथम ठळकपणें दिसते ती केनोपनिषदांत. देवांस विजयाचा गर्व झाला असतां त्यांच्यापुढें एक यक्ष उभा राहतो. अग्नीला त्यानें ठेवलेली काडी जाळतां येत नाहीं, वायूला ती उडवितां येत नाहीं. मग इंद्र पुढें होतो, तों यक्ष गुप्त होतो आणि त्याच आकाशांत एक अत्यंत शोभायमान स्त्री दिसते, ती उमा हैमवती. ‘तो यक्ष कोण?’ असें इंद्र विचारतो आणि तें ब्रह्म होतें, हें ती त्यास सांगते. येथें ती कोणाची पत्नी म्हणून आलेली नाहीं. देवांच्या राजाला ठाऊक नसलेली गोष्ट शिकविणारी म्हणून आली आहे. शंकराचार्य तर तिला विद्याच म्हणतात. ‘हैमवती’ या शब्दाचे ते दोन अर्थ देतात : सुवर्णालंकारांनीं नटलेली, किंवा हिमवानाची कन्या. पहिला अर्थ वाचतांना मला दाभाड्यांच्या उमाबाईंचे सोन्याचे तोडे आठवल्याशिवाय राहत नाहींत. अर्थात् हा केवळ माझ्या मनाचा खेळ.

लोकांच्या मनांत मात्र जी व्युत्पत्ति रुजली ती कालिदासाची. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत तो सांगतो कीं, मुलगी तपाला निघाली तेव्हां आई मेना कळवळून ‘उ’, ‘मा’ असें म्हणाली. म्हणजे ‘अगे, नको!’ आणि तेंच त्या सुमुखीचें नांव झालें. वैयाकरण ही व्युत्पत्ति खरी मानणार नाहींत. तरीहि हिच्यांतील गंमत पाहा. नांव पडलें आईच्या ‘नको’ वरून, आणि मुलीनें केलें तें नेमकें आईनें नको म्हटलेलें. हरितालिकेच्या कथेंत तर वडिलांनीं ठरविलेला विष्णुसारखा वरहि ती नाकारते, सखीबरोबर अरण्यांत जाते आणि वाळूचें लिंग करून हवा तोच नवरा मिळविते. भाद्रपदांतील तृतीयेस आपल्या घरच्या बायका ही कथा श्रद्धेनें ऐकतात आणि दुसऱ्या दिवशीं गणपतीच्या गडबडीस लागतात. घरांतील मुलीनें असें कांहीं केलें तर काय होईल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

नांव ठेवण्याविषयीं आपल्या शास्त्रकारांचे नियम कडक आहेत. मुलींच्या नांवांत अक्षरें विषम असावींत, असें आश्वलायन गृह्यसूत्र सांगतें. स्त्रीचें नांव उच्चारावयास सोपें, मंगल व शेवटीं दीर्घ स्वर असलेलें असावें, असें मनु म्हणतो. आणि नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचीं नांवें असलेली मुलगी वरूंच नये, असेंहि तोच बजावतो. उमा हें नांव सोपें आहे, मंगल आहे, त्याचा शेवट दीर्घ आहे. पण अक्षरें दोन, म्हणजे सम, आणि जवसाचा अर्थ धरला तर वनस्पतीचा दोषहि लागूं पाहतो! सुदैवानें महाराष्ट्रानें हे नियम कधींच फारसे मनावर घेतले नाहींत. इंदुरीहून थोड्याच अंतरावर देहू आहे. तेथें तुकोबांच्या मुलींचीं नांवें काय होतीं? काशी, भागीरथी आणि गंगा. यांतील दोन तर सरळ नदीचीं. गोदा, कृष्णा, यमुना, तुळसा, रोहिणी या नांवांच्या बायकांवांचून महाराष्ट्रांतील एकहि आळी नसावी, आणि मनूच्या धाकानें त्यांचीं लग्नें अडल्याचें कोणी ऐकलेलें नाहीं.

गंगा-भागीरथीसारखीं नांवें तीर्थयात्रेच्या ओढीनें खेड्यापाड्यांत पोंचलीं. उमा हें नांव तसें नव्हे. मावळांतल्या बायका नवस बोलतात तो कडजाईला, वाघजाईला, कार्ल्याच्या एकवीरेला. त्या देवींच्या नांवांच्या शेवटीं बहुधा ‘आई’ असते. उमा हा शब्द पुराणिकाच्या आणि शिल्पकाराच्या वाटेनें आला. वेरुळास आणि घारापुरीस शिवपार्वतींचें लग्न कोरलेलें आपण पाहिलें असेल. उमा-महेश्वराची जोडमूर्ति तर जुन्या देवळांतून वारंवार भेटते. हें नांव देशाच्या सीमाहि लवकरच ओलांडून गेलें होतें. कुशाण राजा हुविष्क याच्या एका सुवर्णनाण्यावर शिवरूप देवाशेजारीं एक देवी उभी असून तिचें नांव ग्रीक लिपींत ‘ओम्मो’ असें दिलें आहे. ती उमाच, असें नाणकशास्त्रज्ञ मानतात. ही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गोष्ट. पुढें दहाव्या शतकांत कंबोजांतील बांतेय स्रेइ येथील देवळांत उमा-महेश्वर जाऊन बसले. बंगाल्यांत ती दरवर्षीं शरदांत माहेरीं येणारी लेक झाली, जशी आपल्याकडे गौर येते. मलबारच्या दक्षिणेस वेणाडचें राज्य १६७७ पासून १६८४ पर्यंत राणी उमयम्मा हिनें पालक म्हणून चालविलें. इंदुरीच्या उमाबाईंच्या आधीं अर्धशतक त्याच नांवाची दुसरी एक स्त्री अज्ञान वारसासाठीं राज्य सांभाळीत होती, हा योगायोग मला मोठा मनोरम वाटतो.

परंतु महाराष्ट्रांत मुलीबाळींचीं नांवें पसरण्याचें खरें यंत्र निराळेंच होतें. तें यंत्र म्हणजे लग्न. बारशास आत्या मुलीच्या कानांत नांव सांगते. तें नांव आठदहा वर्षें टिकावयाचें. मग लग्नांत ताटभर तांदूळ पसरून नवरा त्यांत अंगठीनें नवें नांव लिही आणि जुनें नांव माहेरच्या उंबरठ्यापाशीं राही. हें नवें नांव पुष्कळदां पुरुषाच्या नांवाशीं जुळवून ठेवीत. पेशव्यांचें घर पाहा. माधवरावांची पत्नी रमाबाई. रमा ही माधवाचीच. रघुनाथरावांची पहिली पत्नी जानकीबाई. रघुनाथास जानकीवांचून कोण शोभणार? सदाशिवरावभाऊंची पहिली पत्नी उमाबाई होती. ती १७५० सालीं वारली. नंतर जिच्याशीं त्यांचें लग्न झालें आणि जी पुढें त्यांच्याबरोबर पानिपतावर गेली, तिचें नांव पार्वतीबाई. माणूस बदललें, घराणें बदललें, पण देवी तीच राहिली. सदाशिवाच्या घरांत उमा गेली तर पार्वतीच यावयाची. खंडेराव आणि उमाबाई ही जोडीहि त्याच मापाची आहे, कारण खंडोबा हा शिवाचाच अवतार, आणि त्यांच्या थोरल्या मुलाचें त्रिंबक हें नांवहि शिवाचेंच.

याचा अर्थ असा कीं, स्त्रीचें नांव हें बहुधा नवऱ्याच्या नांवाचा पडसाद होतें. ज्या घरांत शंकर, महादेव, सदाशिव अधिक, त्या घरांत उमा आणि पार्वती अधिक. इतिहासाच्या विद्यार्थ्यास यामुळें मोठी अडचण होते. बखरींत आणि वंशावळींत जें नांव आपण वाचतों, तें त्या बाईला जन्मतः मिळालेलें होतेंच असें धरून चालतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील दोन प्रसिद्ध स्त्रियांचें उदाहरण घ्या. कल्याणला १८६५ सालीं जन्मलेली यमुना जोशी १८७४ मध्यें गोपाळराव जोशांच्या घरीं जाऊन आनंदी झाली. कुर्लेकरांची यमुना १८७३ च्या अखेरीस माधवराव रानड्यांच्या घरीं येऊन रमा झाली. पुन्हां माधव आणि रमा! दोन यमुना अशा लुप्त झाल्या. पुढें हुबळीस भगिनी मंडळ काढून स्वातंत्र्याच्या चळवळींत स्त्रियांची फळी उभारणाऱ्या उमाबाई कुंदापूर यांचा जन्म १८९२ सालीं झाला तेव्हां त्यांचें नांव भवानी होतें. लग्नानंतर भवानीची उमा झाली. येथें निदान देवी तरी एकच राहिली.

आणखी एक गोष्ट जातां जातां सांगतों. १७५० सालीं भाऊसाहेबांची पत्नी उमाबाई निवर्तली, तेव्हां दाभाड्यांच्या वृद्ध उमाबाई पेशव्यांविरुद्ध महाराणी ताराबाईंशीं मसलत जुळवीत होत्या. दमाजी गायकवाड पंधरा हजार फौज घेऊन साताऱ्याकडे आला, पण १७५१ सालीं पेशव्यांनीं त्याचा पाडाव करून त्यास कैद केलें. दाभाड्यांचीं माणसेंहि पकडलीं गेलीं आणि त्यांस लोहगडावर ठेवण्यांत आलें. ज्या मावळांत आपला कोट, त्याच मावळांतल्या किल्ल्यावर बंदिवास! १७५३ सालीं पुण्यास उमाबाईंचा अंत झाला. दाभाडे श्रावणांत तळेगांवास ब्राह्मणांना जी दक्षिणा वांटीत, ती वांटण्याचें काम त्रिंबकरावाच्या मृत्यूनंतर पेशव्यांनीं पुण्यास आपल्या हातीं घेतलें होतें. त्याच दक्षिणेच्या पैशावर इंग्रज अमदानींत १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. आपल्या मराठी वाङ्मयाच्या अंगावर दाभाड्यांचें एवढें ऋण आहे, तें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

नांवें कोणाच्या हातीं असतात त्यावर त्यांचा प्रसार अवलंबून असतो, याचें एक परदेशचें उदाहरण देतों. रशियांत आज लक्षावधि स्त्रियांचें नांव स्वेतलाना आहे. अर्थ प्रकाशाची, उजळ. ऐकणाऱ्यास वाटावें कीं तें फार पुरातन असेल. पण तें एका कवीनें बनविलेलें आहे. वोस्तोकोव या कवीनें १८०२ सालीं तें आपल्या काव्यांत योजिलें आणि झुकोव्स्कीच्या १८१३ मधील ‘स्वेतलाना’ या कवितेनें तें सर्वतोमुखीं केलें. तरीहि शंभर वर्षें तें मुलींना मिळेना! कारण नामकरण धर्मपीठाच्या हातीं, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं संतांच्या यादींतलेंच नांव द्यावें लागे. स्वेतलाना नांवाची संत कोणी झालीच नव्हती. मुलीला जें नांव मिळेना तें लढाऊ जहाजांना मात्र मिळे; या नांवाची एक क्रूझर १९०५ सालीं त्सुशिमाच्या समुद्रांत जपान्यांनीं बुडविली. १९१७ च्या क्रांतीनंतर नोंदणी धर्मपीठाकडून सरकारी कचेरींत गेली आणि बंद दार उघडलें. त्याच लाटेंत ‘लेनिन’ हें नांव उलटें वाचून ‘निनेल’ असेंहि मुलींचें नांव निघालें. १९२६ सालीं स्टालिनची मुलगी जन्मली, तिचें नांव स्वेतलाना. हीच स्वेतलाना ब्रजेशसिंगांच्या अस्थि घेऊन १९६६ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांत आली, काळाकांकर येथें राहिली आणि मार्च १९६७ मध्यें दिल्लींतील अमेरिकन वकिलातींत शिरून मायदेशाला मुकली.

रशियांत नांवाचा द्वारपाळ धर्मपीठ होतें. आपल्याकडे तो सासरचा ओटा होता. विसाव्या शतकांत येथलेंहि दार हळूहळू उघडलें. मुली शाळेंत गेल्या, दाखल्यावर नांव चढलें, पदवीच्या कागदावर चढलें, आणि तांदळांत लिहिलेलें नांव त्या कागदांपुढें फिकें पडूं लागलें. लग्नांत नांव बदलण्याची चाल पार गेली नाहीं, पण ती पूर्वींसारखी सार्वत्रिकहि राहिली नाहीं. उमाबाईची ‘बाई’ गळाली आणि नुसती उमा उरली; आखूड, नेटकी, शहरी कानाला गोड. कोल्हापूरच्या चित्रसृष्टींत नांवारूपास आलेल्या अनसूया साक्रीकर पडद्यावर उमा म्हणूनच गाजल्या. त्याच पुढें उमा भेंडे. अमेरिकेंत बौद्ध विद्येचे एक अभ्यासक रॉबर्ट थर्मन यांनीं १९७० सालीं जन्मलेल्या आपल्या मुलीचें नांव उमा करुणा ठेविलें. ती तेथील नामांकित नटी झाली. पुरुषांतहि उमाकांत, उमेश, उमाशंकर आहेतच. १८३२ सालीं पुण्यास फांशी गेलेले उमाजी नाईकहि याच मुळावरची फांदी दिसतात.

येथवर जें सांगितलें तें एका भाग्यवान् नांवाविषयीं. पण कालिदासाचा ‘नको’ मनांतून जात नाहीं, कारण त्याच अर्थाचें एक दुसरें नांव आपल्या महाराष्ट्रांत शेंकडों मुलींस दिलें गेलें आहे. तें नांव नकोशी. कोठें नकुशा, कोठें नकुसा. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहणाऱ्या घरांत तिसरी-चौथी मुलगी झाली कीं, ‘आतां मुलगी नको’ हें देवास कळविण्यासाठीं त्या लेंकराच्याच कपाळीं तो निरोप चिकटवीत. दृष्ट लागूं नये म्हणून मुलांना धोंडी, दगडू म्हणण्याची जुनी रीत होती, पण तिच्यांत तें मूल जगावें ही इच्छा होती. मेनेचा ‘नको’ हा लेकीला कष्ट होऊं नयेत म्हणून होता. नकोशींतील ‘नको’ लेकीलाच उद्देशून आहे, आणि तो तिला रोज शाळेच्या हजेरींत ऐकावा लागे.

साताऱ्याच्या जिल्हा परिषदेनें व आरोग्य खात्यानें अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजीं सातारा येथें समारंभ करून २८५ मुलींस नवीं नांवें दिलीं. कांहीं मुलींनीं सिनेतारकेचें ऐश्वर्या हें नांव घेतलें, कोणी सावित्री घेतलें, कोणी वैशाली. प्रत्येकीच्या हातीं नव्या नांवाचें प्रमाणपत्र देण्यांत आलें. तें नांव ना आत्येनें कानांत सांगितलें होतें, ना नवऱ्यानें तांदळांत लिहिलें होतें. पुष्कळींनीं तें स्वतःच निवडलें होतें.